पाय धनुष्यासारखे वाकलेत, गुडघा आतून दुखतो, ब्रेस लावू का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओ आहे, दिवसभर गुडघेच बघते. त्यातले निम्मे पेशंट ब्रेसबद्दल, म्हणजे गुडघ्याला बांधायच्या पट्टे-बिजागरीच्या आधाराबद्दल, तेच तेच प्रश्न विचारतात आणि उरलेले न विचारताच काहीतरी विकत घेऊन येतात, मग विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. हे मुख्यतः गुडघ्याची झीज झालेल्या आणि पाय बाहेरच्या बाजूला वाकलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. लिगामेंट तुटलंय, खेळताना मार लागलाय त्यांचं गणित वेगळं.

डॉक्टर म्हणाले गॅप कमी झालीय. म्हणजे नेमकं काय?

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये एक्स-रेत जी मोकळी जागा दिसते ना, ती खरं तर मोकळी नसते, तिथे कूर्चा आणि मेनिस्कसची गादी असते, फक्त ती एक्स-रेत दिसत नाही. ती झिजली की हाडं जवळ येतात आणि आपण म्हणतो गॅप गेली. "वंगण संपलं" पण म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. एक गोष्ट मात्र बघा, एक्स-रे उभं राहून काढलेला आहे का? झोपून काढलेल्यात गुडघ्यावर भारच नसतो, त्यामुळे झीज असूनही गॅप छान दिसू शकते. आणि पाय किती वाकलाय हे नीट बघायचं तर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे लागतो, त्याला आपल्याकडे स्कॅनोग्राम म्हणतात. त्यात खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ मारतात. सरळ पायात ती गुडघ्याच्या साधारण मधून जाते, धनुष्य झालेल्या पायात आतल्या बाजूला सरकते, कधीकधी तर गुडघा सोडून त्याच्याही आतल्या बाजूला पडते.

पण आतलीच बाजू का झिजते? माझे दोन्ही पाय सारखेच वापरले गेलेत.

चालताना प्रत्येक पावलाला तुम्ही काही क्षण एका पायावर असता. शरीराचं वजन मधोमध आणि टेकलेला पाय बाजूला, म्हणजे वजन गुडघ्याच्या आतल्या बाजूने खाली उतरतं. त्यामुळे गुडघा आतून दाबला जातो आणि बाहेरून उघडायला बघतो. हे अगदी सरळ पायातही होतं, तिथेही आतल्या कप्प्यावर (म्हणजे गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर) साधारण ६० ते ७० टक्के भार येतोच. आता पाय धनुष्यासारखा झाला की गुडघा अजून बाहेर जातो, वजनाची रेघ आणि गुडघा यांच्यातलं अंतर वाढतं, अंतर वाढलं की दाब वाढतो, दाबाने आतली गादी अजून झिजते, झिजली की पाय अजून वाकतो. असं ते चक्र. २००१ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, झीज सुरू झालेल्या गुडघ्यांत पाय बाहेर वाकलेला असेल तर दीड वर्षात आतली बाजू पुढे झिजण्याची शक्यता सुमारे चौपट दिसली.

गॅरेजवाले म्हणतात तेच, अलाइनमेंट गेली की टायर एका बाजूने खातो. फरक एवढाच की ब्रेस म्हणजे अलाइनमेंट करून घेणं नाही, ते पुढे सांगते.

ब्रेस लावल्यावर आत होतं काय?

ज्याला ऑफलोडर किंवा अनलोडर ब्रेस म्हणतात तो तीन ठिकाणी दाबतो. गुडघ्याच्या बाहेरून आत ढकलतो, आणि वर मांडीला व खाली पोटरीला आतून बाहेर धरून ठेवतो. ऊस गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी मोडतो तसंच, फक्त इथे मोडायचं नसतं, जो पाय बाहेर वाकू बघतोय त्याला उलट बाजूने थोडा आधार द्यायचा असतो. त्याने आतल्या कप्प्यावरचा थोडा भार बाहेरच्या कप्प्याकडे जातो. भार नाहीसा होत नाही हे लक्षात घ्या, तो सरकतो. बाहेरचा कप्पा चांगला असेल तरच याचा उपयोग, दोन्ही बाजू झिजल्या असतील तर सरकवणार कुठे?

यात लांबीला फार महत्त्व आहे. पाना जितका लांब तितका नट सोपा सुटतो, तसंच ब्रेस मांडीवर जितका वर आणि पोटरीवर जितका खाली जातो तितक्या कमी दाबात तेवढंच काम होतं. म्हणून आखूड, नाजूक, दिसायला छान ब्रेस बहुतेक वेळा दिसायलाच छान असतो.

दुसरी एक गोष्ट होते जी पेशंटला लगेच जाणवते पण कुणी समजावून सांगत नाही. झिजलेला वाकडा गुडघा ढिला असतो, पाऊल टेकलं की तो झटकन बाहेर जातो. मागून चालताना बघा, दिसतं. सटकेल या भीतीने मांडीचे पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी आवळून धरतात, आणि दोन्ही बाजूंनी आवळलं की सांध्यावर दाब उलट वाढतो! ब्रेसने गुडघा धरून ठेवला की स्नायू जरा सैल पडतात. एका अभ्यासात तर कोन (ब्रेसच्या स्क्रूने लावतात तो ढकलण्याचा कोन) अजिबात न देता, सरळ ठेवलेल्या ब्रेसनेही लोकांना आराम पडला होता आणि स्नायूंची ही आवळाआवळी कमी झाली होती. म्हणजे सगळं श्रेय ढकलण्याला नाही, बरंचसं धरून ठेवण्याला आहे.

आकड्यात सांगा ना, किती भार कमी होतो?

सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट जोर येतो. ७० किलोचं माणूस धरा, झाले १७५ किलो. त्यातले ६५ टक्के आत धरले तर ११४ च्या आसपास. ब्रेसने यातले १० टक्के जरी कमी केले तरी प्रत्येक पावलाला ११ किलो झाले की. दिवसाला ५००० पावलं चालणाऱ्याची त्या पायाची २५०० पावलं. लहान आकडा वाटतो पण गुणाकार करून बघा.

आता १० टक्केच का धरले? बर्लिनमध्ये काही पेशंटच्या कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवलेत, आतला जोर थेट मोजता येतो. त्यांनी तीन जणांवर ब्रेस लावून मोजलं. कोन जास्त दिला तर आतला भार बराच उतरला, पण तेवढा कोन देऊन रोज घालणं त्या माणसांना जड गेलं, आणि सहन होईल अशा सेटिंगला फायदाही कमी. इथेच सगळी मेख आहे. ब्रेस हाडाला धरत नाही, मध्ये कातडी, चरबी, स्नायू असतात, तेच बराच जोर खातात. ब्रेसच्या स्क्रूवर ८ डिग्री लिहिलंय म्हणून हाड ८ डिग्री सरळ झालं असं नसतं, एक्स-रेत फरक बहुतेकदा एखाद-दुसऱ्या डिग्रीचा. मांडी जाड असेल तर त्याहून कमी.

मेडिकलमध्ये मिळते ती नी कॅप चालेल का?

ऊब मिळते, गुडघ्याकडे लक्ष राहतं, पाऊल जरा विश्वासाने पडतं, त्यामुळे दुखणं थोडं कमी वाटू शकतं. वाईट काही नाही. पण ती कापडाची नळी आहे, ती बाजूने ढकलू शकत नाही, त्यामुळे आतला भार बाहेर नेणं वगैरे तिच्याकडून होत नाही. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या असलेली हिंज कॅपसुद्धा धरते पण ढकलत नाही. ऑफलोडरची किंमत हजारांत जाते, इम्पोर्टेड असेल तर दहा हजारांच्या बरीच पुढे. म्हणून लोक आधी तीन-चार कॅप घेऊन बघतात. माझ्या मावशीच्या कपाटात पाच निघाल्या, त्यातल्या दोन दोन साइजने मोठ्या.

रोज लावला तर पाय सरळ होईल?

नाही. मोठ्या माणसाचं हाड पट्ट्याने सरळ होत नाही आणि गेलेली कूर्चा परत येत नाही. ब्रेस काढला की भार परत जागच्या जागी. चष्म्यासारखं आहे, घातला तोवर दिसतं. सहा महिने घाला आणि पाय सरळ करून घ्या असं कुणी सांगत असेल तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या.

ब्रेस लावून मांडी घालता येते का? उकिडवं बसता येतं का?

चालताना पाय उचलून पुढे झुलतो तेव्हा गुडघा साधारण ६० अंश वाकतो, खुर्चीत बसायला ९० च्या थोडं पुढे, एवढं चांगल्या ब्रेसमध्ये होतं. उकिडवं बसायला, देशी संडासात, जमिनीवर भाजी निवडायला बसताना गुडघा १२० च्या बराच पुढे जातो. तिथे मागचे पट्टे आणि पॅड खोबणीत अडकतात, टोचतात, आणि ब्रेस जागेवरून हलतो. मांडी घालताना तर गुडघा वाकतोही आणि पाय आत फिरतोही, ब्रेसला ते फिरणं मान्य नसतं. थोडक्यात, घालून बसू नका, काढा आणि बसा, आणि खरं सांगायचं तर झिजलेल्या गुडघ्याने खाली बसणंच कमी करा, कमोड आणि उंच खुर्ची ब्रेसपेक्षा स्वस्त पडते.

शिवाय ब्रेसचं ढकलणं गुडघा जवळपास सरळ असताना नीट लागू होतं. चालताना भार पडतो तेव्हा गुडघा १५-२० अंशच वाकलेला असतो म्हणून तिथे चालतं. खोल वाकल्यावर भार वाटीच्या मागे जातो, त्यावर या ब्रेसचा काही इलाज नाही. ज्यांचं मुख्य दुखणं जिना उतरताना, उठताना, वाटीच्या मागे आहे त्यांची इथे निराशा होते, आणि यात ब्रेसचा दोष नसतो.

ब्रेस लावल्यावर माझी चाल बदलेल का?

थोडी. काही जणांचा गुडघा हवेत झुलताना काही अंश कमी वाकतो, पहिल्या दिवसांत पाय ओढल्यासारखा वाटतो, ब्रेसचं वजन असतंच. दुखणं कमी झालं की वेग आपोआप बरा होतो. आठवडाभरात सवय होते, नाही झाली तर बसवलेलाच चुकलाय.

सारखा खाली सरकतो. काय करू?

सगळ्यात जास्त येणारी तक्रार. गुडघा दरवाजाच्या बिजागरीसारखा एका जागी फिरत नाही, वाकताना तो घरंगळतो पण आणि सरकतो पण, म्हणजे त्याचा मध्य बदलत राहतो. ब्रेसची बिजागरी त्याच्या जवळपास जाते, तंतोतंत नाही. त्यात आपली मांडी वर जाड खाली बारीक, म्हणजे घसरगुंडी तयारच. बिजागरी बोटभर जरी खाली बसली तरी प्रत्येक पावलाला ती थोडी थोडी खाली जाते आणि जिथे ढकलायचं तिथे न ढकलता पोटरीला ढकलते.

बहुतेक ब्रेसमध्ये असं करतात: खुर्चीच्या कडेला बसा, गुडघा वाकलेला, बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या रेषेत पण किंचित मागे ठेवा. आधी गुडघ्याखालचा, पोटरीच्या फुगवट्याच्या वरचा पट्टा आवळा, ब्रेसला खाली जाऊ न देणारा खरा तोच. मग मांडीचा, मग बाकीचे. उभं राहून दहा-वीस पावलं चाला आणि परत एकदा आवळा. पट्ट्याखाली एखादं बोट जाईल इतपत घट्ट. आणि पँटवरून घालू नका हो, कपड्यावरून घातलेला ब्रेस सरकणारच, खालून फार तर पातळ कॉटनचा स्टॉकिनेट (नळीसारखा विणलेला मोजा).

डावा-उजवा वेगळा असतो का? दोन्ही पाय दुखतात, एकच घेऊन आलटून पालटून घालू का?

एक काका असंच करायचे. म्हणाले सोमवारी बरं वाटतं, मंगळवारी जास्त दुखतं. बघितलं तर उजव्या पायाचा ब्रेस मंगळवारी डाव्या पायात. उजव्या पायाला जे पॅड बाहेरून आत ढकलतं ते डाव्या पायात आतल्या बाजूला येतं आणि गुडघ्याला बाहेर ढकलतं, म्हणजे आधीच चेपलेली आतली बाजू अजून चेपायची! बिचारे दुखणं विकत घेत होते. ब्रेसवर कुठला पाय आणि कुठला कप्पा ते बघून घ्या, ऑनलाइन मागवताना तर दोनदा.

माझे गुडघे उलट एकमेकांना घासतात. मलाही हाच ब्रेस?

नाही, उलटा. तुमचं वजन बाहेरच्या कप्प्यावर येतं, त्यामुळे ब्रेसने आतून बाहेर ढकलावं लागतं. बसवणं जास्त किचकट, कारण दोन गुडघ्यांच्या मध्ये आधीच जागा नाही आणि तिथे पॅड घालायचं. धनुष्यवाल्यांना ती अडचण नसते, त्यांच्या मध्ये जागाच जागा.

सवय लागून स्नायू कमजोर नाही का होणार?

दिवसातून काही तास चालण्यापुरता घातलात तर तशी भीती नाही, उलट दुखणं कमी झाल्याने माणूस जास्त चालतं. कमजोर होतात ते ब्रेस आला म्हणून व्यायाम सोडणारे. मांडीचा आणि कुल्ल्याचा व्यायाम चालूच ठेवा. झोपताना काढा, बसून टीव्ही बघताना काढा. सुरुवात तास-दोन तासांनी, मग वाढवा.

पायाला मुंग्या येतात ब्रेस लावल्यावर.

लगेच काढा. गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली एक हाडाचा गोळा हाताला लागतो, त्याच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, अगदी कातडीखाली. पॅड तिथे दाबलं गेलं की पावलावर मुंग्या येतात, आणि दाब राहिला तर पाऊल वर उचलेनासं होतं. हे अंगावर काढायचं काम नाही. तसंच डायबेटिसने पायाची संवेदना कमी झालीय, मोठ्या व्हेरिकोज व्हेन्स आहेत, पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती, कातडीवर जखम आहे, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. संवेदना नसलेल्या पायाला फोड आलेला कळतच नाही.

एक डॉक्टर म्हणतात घ्या, दुसरे म्हणतात उगाच खर्च. खरं कोण?

दोघांच्याही बाजूने कागद आहे. अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात चालण्यावर, स्थिरतेवर परिणाम झालेल्यांना ब्रेसची ठाम शिफारस केली. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं की सरसकट देऊ नका, सांधा ढिला असेल किंवा भार चुकीचा पडत असेल आणि त्याशिवाय व्यायाम जमत नसेल तर द्या. नीट वाचलं तर फार भांडण नाहीये. पाय वाकलाय, झीज एकाच बाजूला, गुडघा सटकतो, चालायची इच्छा आहे, असा पेशंट दोघांच्याही यादीत बसतो. माझ्याकडचं निरीक्षण असं की ज्यांना फायदा होतो त्यांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळतं. आणि ज्यांना होतो त्यातलेही बरेच वर्षभरात कंटाळून सोडतात.

त्यापेक्षा काठी, सोल, वजन कमी करणं?

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सिनेमात हिरो त्याच बाजूला धरतो, ते चूक. बरोबर धरली तर भार चांगलाच उतरतो आणि किंमत ब्रेसच्या पासंगालाही नाही, पण "म्हातारी दिसते" म्हणून कुणी घेत नाही. बाहेरची कड उंच केलेला सोल भार थोडाच बदलतो, दुखण्यात फरक साध्या सोलपेक्षा फारसा दिसलेला नाही. वजनाचं मात्र ऐका: १ किलो उतरलं की गुडघ्यावर प्रत्येक पावलाला साधारण ४ किलो कमी. ५ किलो उतरवलेत तर २० किलो झाले, ब्रेसने जे मिळतं त्याहून जास्त, आणि ते खाली सरकत नाही.

ऑपरेशन टळेल का?

पुढे ढकलता येतं काहींना, टळेल असं वचन नाही देता येत. वय कमी, झीज एकाच बाजूला आणि हाडच वाकलेलं असेल तर नडगीचं हाड कापून कोन बदलायचं ऑपरेशन असतं, त्यात भाराची रेघ खरोखर सरकते. ब्रेसने आराम पडत असेल तर अशा ऑपरेशनने पडेल असा अंदाज बांधायला काही सर्जन आधी ब्रेस लावून बघतात. पाय फारच वाकला आणि सरळ होतच नसेल, तर ब्रेस फक्त कातडी सोलतो, तिथे सांधा बदलण्याबद्दलच बोलावं लागतं.

आईला वारीला जायचंय. ब्रेस लावून जाऊ दे का?

दर ज्येष्ठात येणारा प्रश्न! आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे, नवा ब्रेस घेऊन आळंदीत पहिलं पाऊल टाकायचं नाही. दोन-तीन महिने आधी घ्या, रोजचं चालणं त्यातच वाढवत न्या, फोड कुठे येतो ते घरीच कळू दे. नऊवारीत ब्रेस आत बसतो, पण पट्टे आवळायला आडोसा शोधावा लागतो, म्हणून आधी सराव. पावसात भिजला की पॅड ओलं राहतं आणि कातडी सोलते, जास्तीची पॅडं आणि सुका स्टॉकिनेट पिशवीत हवा. दिवे घाट गाडीतून केला तर माउली रागावणार नाहीत, हे मी कितीतरी आयांना सांगितलंय, ऐकलं दोघींनी.

माझ्या दीड वर्षाच्या बाळाचे पाय वाकडे आहेत. छोटा ब्रेस मिळतो का?

थांबा. साधारण २ वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे असणं नॉर्मल, ३-४ वर्षांत उलटे, गुडघे आपटणारे होतात, आणि ७ वर्षांच्या आसपास सरळ होतात. मालिशने झाले म्हणून आजी श्रेय घेते, घेऊ द्या. एकच पाय वाकलाय, दोन वर्षांनंतरही वाढतोय, उंची कमी आहे, मनगटं जाड वाटतात, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मुडदूस आहे का बघतील. तो असेल तर औषध ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, पट्टा नाही.

पोलिओवाल्यांचा कॅलिपर म्हणजे हेच का?

नाही. तिथे स्नायूच काम करत नाहीत, त्यामुळे गुडघा दुमडू नये म्हणून लोखंडी पट्ट्या आणि बिजागरीला खाली पडणारं कुलूप असतं. पाय सरळ ठेवून चालायचं, बसताना कुलूप वर ओढायचं. असे कॅलिपर मोजून बनवायला मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था जुनी आणि माहितीतली आहे, कृत्रिम अवयव बनवणारं कानपूरचं ॲलिम्कोही सरकारीच.

घामाचा वास येतो, धुवायचा कसा?

पॅड वेलक्रोने निघतात, ती साध्या साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. धुण्याआधी फोटो काढून ठेवा, नाहीतर कुठलं पॅड कुठे होतं ते आठवत नाही आणि जाड पॅड चुकीच्या बाजूला लागतं. वेलक्रोत अडकलेले केस आणि दोरे जुन्या टूथब्रशने काढा, पट्टा धरत नाही म्हणून येणाऱ्यांतले निम्मे एवढ्यानेच परत जातात. फ्रेम ओल्या फडक्याने पुसा, स्क्रू महिन्यातून एकदा बघा. मशीनमध्ये टाकलेला एक ब्रेस आमच्याकडे आला होता, तो आता खुंटीवर आहे.